चार मिनिटं

माडग्याळच्या खालच्या अंगाला, पडीक रानात,
वाघरीच्या जाळीआड एकशे सात मेंढरं.
औंदा बारा गाभडल्या, म्हणतो अमशिद.
बारा म्हणताना बोटं मोजत नाही, जागा दाखवतो:
दोन त्या बाभळीखाली, एक ओढ्यात,
उमदीच्या वाटंला चार, एका रातीत.
उरलेल्या पाचांचं तोंड फिरवून सांगतो.
कुत्र्यांनी नेलं.

पाचवी गाभडली तेव्हा त्यानं तळ हलवला होता,
आठवीला नवस बोलला,
बारावीला मला फोन.

कितव्या महिन्यात?
चवथा सरताना, लायव्वा म्हणते,
एकाच्या अंगावर लोकर आल्याली.
जार कुणी काढला?
ती हात पुढं करते,
नुसता, उघडा, कोपरापर्यंत.

मानेवरची लोकर दुभंगायची, अंगठा दाबायचा,
शीर वर येते करंगळीएवढी.
सुई आत जाताना मेंढी ओरडत नाही.
मेंढी काहीच सांगत नाही,
माझ्या नोकरीची सगळी अडचण तेवढीच.
मी नळीवर आकडा लिहिते, एकवीस, बावीस,
लायव्वा शेजारून आकड्याची आई सांगते:
ही काळतोंडीची लेक, ही मोरीची नात,
हिला कुणी नव्हतं, शेळीवर वाढवली.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

दुपारी बाभळीच्या सावलीत नळ्या तिरक्या टेकवलेल्या.
लाल खाली बसतं,
वर तरंगतं उसाच्या रसाच्या रंगाचं पाणी.
पांढऱ्या फरशीवर त्याचा एक थेंब,
शेजारी गुलाबी औषधाचा एक,
काडीनं कालवायचं आणि फरशी डोलवत राहायची
चार मिनिटं, घड्याळ लावून.
रोग नसेल तर गुलाबी गुलाबीच राहतं, सपाट.
असेल तर कणी धरते,
थंडीत तूप रवाळ होतं तशी.

एकवीस, सपाट. बावीस, सपाट.
सव्वीसला कणी. तेहतीसला कणी.
अमशिद माझ्या मागं उभा, विडी न पेटवता.

चौऱ्याहत्तर: हौशा.
राघूसारखं बाकदार नाक, गळ्यात लाल गोंडा,
जत्रेत सव्वा लाखाला मागितलेला मेंढा.
दुसरं मिनिट भरायच्या आतच थेंब फुटला.
नियम म्हणून मी चार मिनिटं पुरी डोलवली.

हा कुणाकुणाच्या खांडात गेला होता?
अमशिद उकिडवा बसतो.
सोरडीच्या मेव्हण्याच्या. संखच्या पाव्हण्याच्या.
मग गप्प.
मी पेन धरून थांबते.
धाकल्याच्या, म्हणतो शेवटी.
भावाभावांचं बोलणं सहा वर्षं बंद,
मेंढा तेवढा जात-येत होता.
त्येला कसं सांगू मी?
मी सांगते, म्हणते लायव्वा,
आणि खरंच फोन हातात घेऊन वाघरीपलीकडं जाते.

मी सांगायचं ते सांगते:
कणी धरलेली वेगळी बांधा,
दूध कच्चं प्यायचं नाही,
पडलेलं पिल्लू उघड्यावर टाकायचं नाही,
खड्डा खोल, चुना वर, हातमोजे हे घ्या.
तो मान हलवतो, ऐकत नाही.
बाही वर सारून म्हणतो,
बाई, माझंबी घाला की एक थेंब फरशीवर.
दिवाळीपास्नं सांजच्याला कणकण येतीया,
रातीला घामानं घोंगडं भिजतंय,
कातर पेलंना झालीया.

माणसाची तपासणी निराळी, मी म्हणते,
आणि तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर
जतच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहायला घेते.
नाव. वय. वय त्याला माहीत नाही.
गाव? तो रानाकडं बघतो.
लिवा, आज हितं.

खाली दुसरं नाव मी न विचारता लिहिलं.
पलीकडून तिचा आवाज येतोय,
आधी पाऊसपाण्याचं, मग पोराबाळांचं,
मेंढ्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

हौशा खुंट्याला. रवंथ चाललंय.
बघितलं तर
ठणठणीत.